मोजपट्टी कोणाच्या हाती?



ह्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान बोलून गेले. त्यांच्या मालिकेत माझ्यासारख्याला गोवण्याचे धाडस चालकांनी केले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझे शाळेतील शिक्षण दहावीपाशी संपले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे माझ्या बोलण्यात पांडित्य नसेल. पण गेली तीस वर्षे ज्या लोकांत वावरलो, त्यांच्या अनुभवाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट मी आपणांपुढे ठेवणार नाही, एवढी हमी देतो.

पत्रिकेत विषय दिला आहे तो असा : 'कारखान्यातील उत्कृष्टतेच्या पद्धती आणि गावाची सुधारणा'. शब्द जड आहेत, पण प्रश्न साधा आहे. चांगला कारखाना ज्या रीतीने आपले काम वर्षानुवर्षे सुधारत नेतो, त्या रीतीने एखादे अख्खे गाव सुधारता येईल काय? माझे उत्तर 'येईल' असे आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि त्या अटीसाठीच मी आज येथे उभा आहे. कामाची मोजणी ही जे काम करतात आणि ज्यांना त्या कामाचा उपयोग होतो, त्यांच्या हाती असली पाहिजे. ती केवळ वरून खाली आली, तर तिचा चाबूक होतो. अमेरिकेतील एका शहराने ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी करून पाहिली. त्या शहराची हकीकत हा आजच्या भाषणाचा गाभा आहे. पण तेथे जाण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे.

प्रथम एक शंका दूर करतो. कामगार चळवळीतला माणूस आणि तो उत्पादनाच्या पद्धतींचे गुण गातो, हे कसे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. फ्रेडरिक टेलर ह्या अमेरिकन इंजिनियराचा शास्त्रीय व्यवस्थापनावरचा ग्रंथ १९११ साली निघाला. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो ते मोजायचे, सर्वांत जलद रीत ठरवायची आणि ती सर्वांवर बांधून टाकायची, हे त्याचे सूत्र. हे वारे मुंबईच्या गिरण्यांत पोहोचले तेव्हा विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळण्यास सांगण्यात आले. १९२८ साली मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणीकामगार सहा महिने संपावर राहिले, त्याचे एक मोठे कारण हेच होते. कार्यक्षमता म्हणजे थोड्या माणसांकडून जास्त काम, हा अर्थ आमच्या चळवळीच्या मनावर तेव्हापासून कोरला गेला, आणि तो उगाच कोरला गेला नाही.

माझ्या पिढीने त्याचेच दुसरे रूप पाहिले. मी काम केलेल्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, खात्याच्या दाराशी एक फळा होता. कोणाच्या हातून किती माल बाद झाला त्याचे आकडे नावानिशी त्यावर लिहीत. ज्याचे नाव सर्वांत खाली, त्याला सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलत असे. दर महिन्याला खालचे नाव बदलायचे, पण बाद मालाचा एकूण आकडा मात्र होता तेथेच राहायचा. पुढे उघड झाले की ओतकामातच पोकळ्या राहून येत होत्या, आणि असले सदोष तुकडे कोणाच्या वाट्याला किती येतील हा निव्वळ योगायोग होता. लेथवरच्या एका जुन्या कारागिराला हे आधीपासून ठाऊक होते. मी त्यांना म्हटले, "काका, मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "विचारलं कोणी?"

मंडळी, हे दोन शब्द आपण लक्षात ठेवावेत. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

आता एडवर्ड्स डेमिंग ह्या गृहस्थांची ओळख करून देतो. जन्म १९०० सालचा, मृत्यू १९९३ सालचा. संख्याशास्त्रज्ञ. त्यांचे गुरू वॉल्टर शूहार्ट. ह्या शूहार्टनी १९२४ साली अमेरिकेतील टेलिफोनच्या कारखान्यासाठी गुणवत्तेचा पहिला नियंत्रण-तक्ता काढला. महालनोबीस ह्यांच्या निमंत्रणावरून हेच शूहार्ट १९४७–४८ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेले होते. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशी फार लवकर आली होती. डेमिंग १९५० साली जपानात गेले. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशात त्यांनी इंजिनियरांना आणि बड्या कारखानदारांना व्याख्याने दिली. १९५१ पासून त्यांच्या नावाने तेथे पारितोषिक दिले जाते. स्वतःच्या देशात मात्र त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. १९८० साली अमेरिकन टेलिव्हिजनवर एक कार्यक्रम झाला, 'जपानला जमते, मग आपल्याला का नाही' अशा आशयाचा. तेव्हा हा ऐंशी वर्षांचा म्हातारा एकाएकी प्रकाशात आला.

डेमिंग ह्यांचे म्हणणे असे की, कामात जे दोष निघतात त्यांतले शंभरातले चौऱ्याण्णव व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार फक्त वरच्यांना असतो. कामगाराला दम देऊन, घोषणा लिहून किंवा कोटा ठरवून देऊन ते दोष जात नाहीत. हे पटवण्यासाठी ते व्याख्यानात एक खेळ करून दाखवीत. एका भांड्यात चार हजार मणी, त्यांतले आठशे तांबडे आणि बाकीचे पांढरे. श्रोत्यांतून सहा जणांना 'कामगार' म्हणून बोलवायचे. प्रत्येकाने पन्नास खळग्यांची फळी भांड्यात बुडवून वर काढायची. मालकाला पांढरे मणी हवेत, तांबडा मणी म्हणजे बाद माल. एकाच्या फळीवर सहा तांबडे येतात, दुसऱ्याच्या चौदा. डेमिंग स्वतः मुकादम होऊन पहिल्याला शाबासकी देत, दुसऱ्याला ताकीद देत. दुसऱ्या फेरीत बहुधा उलटेच होई. सभागृह हसायचे आणि मग हळूहळू गंभीर व्हायचे, कारण भांड्यात पाचवा हिस्सा मणी तांबडे आहेत तोवर कोणत्याही कामगाराने कितीही मन लावले तरी सरासरी दहा तांबडे येणारच. आमच्या खात्याच्या दाराशी जो फळा होता, तो नेमका हाच खेळ होता. फरक एवढाच की तेथे पोटावर पाय येत होता.

ह्यातून एक भेद शिकायचा आहे. समजा, तुमच्या गल्लीत नळाला पाणी सकाळी सहाला यायचे. कधी ते सहा वाजून दहा मिनिटांनी येते, कधी पाच मिनिटे आधी, कधी सव्वासहाला. हा व्यवस्थेचा नेहमीचा हेलकावा. एक दिवस ते साडेनऊला येते. हे वेगळे, त्याला खास काहीतरी कारण आहे आणि ते त्याच दिवशी शोधले पाहिजे. आपण काय करतो? सव्वासहाला आले तरी चावीवाल्यावर ओरडतो, आणि साडेनऊला आले तरी त्याच्यावरच ओरडतो. पहिल्या वेळी ओरडणे अन्यायाचे असते आणि दुसऱ्या वेळी बहुधा निरुपयोगी. नेहमीचा हेलकावा कमी करायचा असेल तर टाकी, नळ, पंप आणि वीज ह्यांची सगळी मांडणी पाहावी लागते, आणि ती चावीवाल्याच्या हातात नाही. शूहार्टच्या तक्त्याचे मर्म मी एवढेच समजलो आहे.

हे कारखान्याचे झाले. आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे गावाकडे वळू.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी मॅडिसन हे सरोवरांच्या काठी वसलेले विद्यापीठाचे शहर. १९८० च्या शिरगणतीत तेथे सुमारे एक लाख सत्तर हजार लोकवस्ती होती. १९८३ साली जोसेफ सेन्सेनब्रेनर हे तेथील महापौर झाले. पैशाची ओढाताण आणि नगरपालिकेच्या कामाबद्दल लोकांची कुरकुर, हे आपल्या ओळखीचेच चित्र होते. महापौरांनी डेमिंग ह्यांचे विचार ऐकले आणि हे आपल्या शहराच्या कारभाराला लावून पाहावे असे त्यांच्या मनाने घेतले. विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हंटर मदतीला आले. सुरुवात कोठून केली? भव्य योजनेपासून नव्हे, तर नगरपालिकेच्या वाहन-दुरुस्तीच्या गॅरेजपासून. पोलिसांच्या मोटारी, कचऱ्याच्या गाड्या, बर्फ काढणारी वाहने तेथे दुरुस्तीला येत आणि दिवसेंदिवस पडून राहत. गाडी जागेवर नाही म्हणून सगळ्याच खात्यांची कामे खोळंबत.

महापौर गॅरेजमध्ये गेले, तेथील व्यवस्थापकाला आणि कामगारांच्या युनियनलाही त्यांनी बरोबर घेतले. दुरुस्तीला उशीर का होतो, असे मेकॅनिकांना विचारले. ते म्हणाले, सुटे भाग शिलकीत नसतात. सुट्या भागांच्या कोठाराचा प्रमुख म्हणाला, ठेवणार किती? शहराच्या ७६५ वाहनांत निरनिराळ्या मेकची, मॉडेलची आणि सालांची मिळून ४४० प्रकारची वाहने आहेत. इतकी विविधता कशी झाली? तर ज्या दिवशी खरेदी करायची त्या दिवशी ज्याची किंमत सर्वांत कमी, तीच गाडी घ्यायची असा धोरणाचा दंडक होता. मेकॅनिकांना तो मूर्खपणाचा वाटत होता, गॅरेजच्या व्यवस्थापकालाही वाटत होता. पण, ते म्हणत, खरेदी खाते ऐकणार नाही. खरेदी खाते म्हणाले, आम्हालाही पटते, पण हिशेब खाते परवानगी देणार नाही. हिशेब खात्याचा प्रमुख म्हणाला, मला स्वतःला चालेल, पण शहराचे वकील कायद्यावर बोट ठेवतील. शेवटी वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, हे अवश्य करता येते. टेंडरच्या अटींतच हमी, देखभालीची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि गाडी विकताना येणारी किंमत, हे सारे लिहा म्हणजे झाले. मला तर वाटत होते, तुम्ही तसेच करीत आहात!

सभागृहात हशा होणे साहजिक आहे. पण आपल्या नगरपालिकेतले एखादे प्रकरण आठवा आणि मग हसू या. ह्या हकीकतीत एकही माणूस आळशी नाही की लबाड नाही. प्रत्येकाला दोष दिसत होता. अडवणारा पुढच्या टेबलावर बसला आहे, असे प्रत्येकाला वाटत होते, आणि पुढच्या टेबलापर्यंत कोणी चालत जात नव्हते. सर्वांत स्वस्त ते घ्यावे ह्या चालीवर डेमिंग ह्यांचा कटाक्ष होताच. निव्वळ किमतीच्या चिठ्ठीवर खरेदी करू नका, हे त्यांच्या चौदा कलमांतले एक कलम आहे. मॅडिसनच्या गॅरेजने ते कलम पुस्तकातून नव्हे, तर मेकॅनिकच्या तोंडून शिकले.

पुढची गोष्ट मला त्याहूनही मोलाची वाटते. कामगारांच्या गटाने स्वतः माहिती गोळा केली. मोडल्यावर दुरुस्त करण्याऐवजी मोडण्याआधी देखभाल केली तर काय होईल, ह्याचा हिशेब त्यांनी मांडला. देखभालीवर एक डॉलर खर्चला तर दुरुस्तीचे ७ डॉलर १५ सेंट वाचतात, असा तो निघाला. वर्षाची बचत सुमारे सात लाख डॉलर होईल, असे दिसले. मेकॅनिक पोलिसांबरोबर गस्तीच्या मोटारीतून हिंडले. त्यांची समजूत अशी की पोलिसांची मोटार म्हणजे सदा चोराच्या मागे भरधाव. म्हणून ते इंजिन त्या बेताने लावीत. प्रत्यक्षात मोटार बहुतेक वेळ उभ्या जागी नुसते इंजिन चालू ठेवून असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. खरेदीच्या चोवीस पायऱ्या होत्या, त्या तीनवर आल्या. गाडी दुरुस्त होऊन परत जायला सरासरी नऊ दिवस लागत, ते तीन दिवसांवर आले. हे सर्व महापौरांनी १९९१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात लिहून ठेवले आहे. गॅरेजनंतर ही रीत इतर खात्यांत गेली. पोलिस दलाच्या एका प्रायोगिक विभागात तर शिपायांनी आपला कॅप्टन मतदानाने निवडला.

आता ह्याकडे युनियनच्या माणसाच्या नजरेने पाहतो. गॅरेजमध्येही मोजणी झाली आणि आमच्या खात्याच्या दाराशीही मोजणीच होत होती. मग फरक कोठे पडला? गॅरेजमध्ये कोणत्याही मेकॅनिकचे नाव फळ्यावर लागले नाही. तेथे गाडीचे दिवस मोजले, माणसाचा वेग मोजला नाही. मोजणारे हात कामगारांचेच होते. त्यांची संघटना पहिल्या दिवसापासून खोलीत हजर होती. आणि कामगारांनी जे शोधले त्याच्यासाठी वरच्यांनी नियम बदलला. ह्या गोष्टी असतील तर आकडा हा कामगाराचा मित्र होतो. भीती घालवा, हेही डेमिंग ह्यांचे एक कलमच आहे. भ्यालेला माणूस खरा आकडा देत नाही, आणि खोट्या आकड्यांवर कोणतीच सुधारणा उभी राहत नाही. माझ्या मते ह्या साऱ्या शास्त्राची कोनशिला येथे आहे.

पण मॅडिसनच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सेन्सेनब्रेनर १९८९ ची निवडणूक हरले. नगरपालिकेचे गॅरेज सुधारणे आणि शहर सुधारणे ह्यांत अंतर आहे, हेही कबूल केले पाहिजे. कारखान्याला मालक असतो. त्याने ठरवले की एक पद्धत सगळ्या खात्यांत लागू होते. गावाला मालक नसतो. नगरपालिका आहे, पण शाळा दुसऱ्या कोणाच्या, दवाखाना तिसऱ्याचा, रस्ता राज्याच्या खात्याचा, वीज कंपनीची, बाजार व्यापाऱ्यांचा. आणि गावात गिऱ्हाईक कोण व कामगार कोण? आपण दोन्ही आहोत. कचरा टाकणारेही आपण आणि साथ आली की अंथरुणाला खिळणारेही आपणच. हुकूम देता येत नाही अशा माणसांना एका कामाला कसे जुंपायचे, हा खरा पेच आहे.

अमेरिकेत ह्या पेचाचाही विचार झाला. तेथे १९८७ च्या कायद्याने एक राष्ट्रीय गुणवत्ता पारितोषिक सुरू झाले. त्या वर्षी अपघातात वारलेले व्यापारमंत्री माल्कम बाल्ड्रिज ह्यांचे नाव त्याला दिले. पहिली पारितोषिके १९८८ साली कारखान्यांना मिळाली. पुढे शाळा, इस्पितळे, नंतर सरकारी व सेवाभावी संस्था त्यात आल्या. २००७ साली फ्लोरिडातील कोरल स्प्रिंग्ज ह्या शहराच्या नगरपालिकेला ते मिळाले. ह्या पारितोषिकाची खुबी अशी की, त्याच्या चौकटीत 'असे करा' अशी आज्ञा नाही, प्रश्न आहेत. तुमच्याकडे नेतृत्व कसे चालते? पुढचा बेत कसा आखता? ज्यांची सेवा करता त्यांचे ऐकता कसे? मोजता काय? काम करणाऱ्यांना काय देता? रोजचे काम कसे चालते? आणि शेवटी, निष्पत्ती काय? एक हजार गुणांपैकी साडेचारशे ह्या शेवटल्या प्रश्नाला असत. अलीकडे हेच प्रश्न अख्ख्या वस्तीला विचारण्याचा उपक्रम तेथे सुरू झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षे पुरी होण्याचे २०२६ हे साल त्याच्या नावातच घातले आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो जिल्ह्याचा मेक्सिकोच्या सरहद्दीकडील दक्षिण भाग त्यात उतरला.

त्या जिल्ह्याने २०१० पासून आरोग्याची मोहीम हाती घेतली होती. तिचा पाया तीन आकड्यांत सांगत : तीन, चार, पन्नास. व्यायामाचा अभाव, वाईट आहार आणि तंबाखू ह्या तीन सवयी. त्यांतून कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात, मधुमेह आणि फुप्फुसाचे रोग, हे चार. आणि त्यांनी होणारे मृत्यू शंभरात पन्नासांहून अधिक. शाळामास्तर, दुकानदार, पाद्री, डॉक्टर ह्यांपैकी कोणी कोणाचा नोकर नाही. पण हे तीन आकडे सर्वांना पाठ झाले आणि प्रत्येकाला आपापल्या जागी काय करायचे ते सुचू लागले. मालक नसलेल्या गावाला हुकमाच्या जागी असा एक सर्वांना समजणारा, सर्वांनी मान्य केलेला आकडा लागतो, हा त्याचा धडा.

हे परदेशाचे झाले, आपल्या मातीत काय, असे विचाराल तर फार दूर जायला नको. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी ह्यांची कथा सर्वश्रुत आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला तेथले पर्जन्यमापक जास्त बोलके वाटते. ह्या कमी पावसाच्या गावात पाऊस किती पडला ते गावकरी मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांना आणि गुराढोरांना पिण्यासाठी आधी काढून ठेवायचे, मग उरलेल्यात कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हेही गावानेच ठरवलेले. तेथे कोणी बाल्ड्रिजचे नाव घेतले नसेल. पण मोजणारे तेच, ठरवणारे तेच आणि पाळणारेही तेच. मॅडिसनचा मेकॅनिक आणि हिवरे बाजारचा शेतकरी हे एका शाळेचे विद्यार्थी आहेत.

आता आपल्या शहरांत काय चालते ते पाहू. २०१६ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात देशातील शहरांची क्रमवारी लागते. त्यातून काही चांगले झाले हे मी नाकारीत नाही. कचऱ्याकडे लक्ष गेले, पैसा आला. पण क्रमवारी आली की परीक्षेची तयारी येते. तपासणीपूर्वी भिंती रंगतात, हमरस्ते चकाचक होतात, आणि मागच्या गल्लीतली गटारे आपली वाट पाहत राहतात. हे सगळे ज्याच्या खांद्यावर, तो सफाई कामगार बहुतेक ठिकाणी कंत्राटी. कंत्राट कोणाला? सर्वांत कमी दराच्या टेंडरवाल्याला. म्हणजे मॅडिसनने मोटारींच्या बाबतीत जे चूक ठरवले, ते आपण जिवंत माणसांच्या बाबतीत करतो. हातमोजे मिळत नाहीत, गाडी मोडकी, पगार वेळेवर नाही, आणि हजेरी मात्र यंत्रावर बोट दाबून! कोणत्या कोपऱ्यावर कचरा का साचतो, कोणत्या वेळी गाडी गेली तर गृहिणी कचरा बाहेर आणतात, कोणते गटार पहिल्या पावसात तुंबते, हे त्याला ठाऊक असते. पण विचारलं कोणी? तो लेथवरचा म्हातारा म्हणाला होता, तेच दोन शब्द.

नुसती टीका करून मी थांबत नाही. आपणांपुढे एक लहानसा प्रस्ताव ठेवतो. सगळे शहर एकदम घेऊ नका. एक वॉर्ड घ्या आणि एकच प्रश्न घ्या, पाण्याचा किंवा कचऱ्याचा. तेथले दहा-बारा रहिवासी, त्यांत निम्म्या बायका असाव्यात कारण पाण्याची वाट त्याच पाहतात, आणि त्यांच्या बरोबरीने तेथला चावीवाला, सफाई कामगार, मुकादम आणि नगरपालिकेचा एक इंजिनियर, असा गट बसवा. तीन महिने फक्त लिहून ठेवा. पाणी किती वाजता आले, किती वेळ होते, शेवटच्या घराला किती मिळाले, गळती कोठे होती. ह्याला संगणक लागत नाही, शाळेतली चौकटीची वही आणि पेन्सिल पुरते. महिनाअखेरीस तो तक्ता वॉर्डाच्या चौकात लावा. मग तक्त्यापुढे उभे राहून बोला. नगरसेवकालाही तेथेच बोलवा. आजवर आपण मोर्चे काढले, मीही काढले आणि पुढेही काढीन. पण हातात तीन महिन्यांचा तक्ता असलेल्या पन्नास माणसांना 'चौकशी करतो' असे सांगून वाटेला लावणे कठीण असते, हा माझा वाटाघाटींतला अनुभव आहे.

ह्या कामाला तीन अटी मात्र घाला, आणि त्यांत सवलत देऊ नका. पहिली, फळ्यावर कोणाही कामगाराचे नाव लागणार नाही. मोजायचे ते पाणी आणि कचरा. दुसरी, सुधारणेतून वाचलेल्या वेळाचे निमित्त करून कोणाला घरी बसवले जाणार नाही. ज्याने सुधारणा सुचवायची त्याचीच भाकरी तिने जाणार असेल, तर तो तोंड मिटून बसेल आणि तेच शहाणपणाचे ठरेल. तिसरी, कामगारांची संघटना पहिल्या बैठकीपासून हजर असेल, शेवटच्या बैठकीला सही करायला नव्हे. ह्या अटी कोणी परोपकार म्हणून मान्य कराव्यात असे मी म्हणत नाही. त्या पाळल्या नाहीत तर खरा आकडा हाती लागणार नाही, आणि सारा खटाटोप पाण्यात जाईल.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना आणि येथे बसलेल्या कामगार बंधूंनाही एक शब्द सांगायचा आहे. मोजणीला आपण फार वर्षे शत्रू मानले. पण आठ तासांचा दिवस ही मागणी म्हणजे तरी काय होती? तीही एक मोजपट्टीच होती आणि ती आपण मालकाच्या हातात आपल्या हाताने दिली. किमान वेतन, भरपगारी रजा, महागाईचा निर्देशांक, ह्या साऱ्या मोजपट्ट्या कामगारांनी लढून मिळवल्या. मोजणी आपल्या हातून सुटली तर ती दुसऱ्याच्या हातात जाते. कारखान्याच्या दरवाजाबाहेर पडलो की आपण नागरिक असतो. तेथली मोजपट्टीही हातात घेण्याची वेळ आली आहे.

गाव सुधारण्यासाठी थोर माणसाची वाट पाहण्याची आपल्याला सवय आहे. थोर माणसे येतात तेव्हा त्यांचे स्वागत करावे. पण ती बदलून जातात, निवडणूक हरतात, निवृत्त होतात. चौकातला तक्ता भरणारे हात गावातच राहतात. ह्या उन्हाळ्यात आपल्या वॉर्डापुरती एक वही कोणी उघडली, तर आजची संध्याकाळ कामी आली असे मी समजेन. अशी वही ज्यांना सुरू करायची असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. रविवारी सकाळी पहिली बैठक कोठे घ्यायची ते येथेच ठरवू, आणि चावीवाल्यांना व सफाई कामगारांना निरोप देण्याचे काम मी अंगावर घेतो.